जगाची नोंदवही

श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड, आणि त्यांतले पहिले पाच प्रस्तावनेचे. 'अ' या अक्षरापाशी पोचायला वर्गणीदाराला सहाव्या खंडापर्यंत थांबावे लागले. पहिल्या प्रस्तावनाखंडाचे नाव होते 'हिंदुस्थान आणि जग'. कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या हट्टी माणसाचे म्हणणे असे दिसते की मराठी वाचकाला अकारविल्हे माहिती देण्याआधी तो या जगात कुठे उभा आहे ते सांगायला हवे. काळ १९२०च्या दशकाचा. युरोप एका महायुद्धातून जेमतेम उठून बसला होता, आणि इकडे केतकर भागधारक आणि वर्गणीदार जमवत साऱ्या जगाचा हिशेब मराठीत मांडत होते.

प्रस्तावना लिहायला बसलेल्या कोणालाही त्यांचा हेवा वाटावा. माझ्या वाट्याला पाच खंड नाहीत, काही पाने आहेत. विषय मात्र लहान नाही. सगळी माणसे मिळून एक होतील का, पृथ्वीला स्वतःची अशी जाणीव येईल का, आणि आली तर ती कोणाच्या डोक्यातून बोलेल, या प्रश्नांभोवती या संग्रहातले लेख फिरतात. काही लेखक आशेने लिहितात, काही धास्तीने. मी दोन्ही बाजूंना थोडे थोडे चिडवणार आहे, म्हणजे वाचक पुढच्या पानांकडे सावधपणे वळेल.

योगायोग असा की केतकरांचे खंड निघत होते त्याच दशकात पॅरिसमध्ये तीन माणसे याच गोष्टीवर बोलत होती. एदुआर ल र्‍वा हे तत्त्वज्ञ, तेयार द शार्दँ हे जेझुइट धर्मगुरू आणि जीवाश्मांचे अभ्यासक, आणि सोर्बोनमध्ये व्याख्याने द्यायला आलेले व्लादिमिर वेर्नाद्‌स्की हे भूरसायनशास्त्रज्ञ. पृथ्वीभोवती खडकांचे कवच आहे, त्यावर सजीवांचे एक आवरण आहे, आणि आता माणसाच्या विचाराचे तिसरे आवरण तयार होत आहे, ही कल्पना या तिघांच्या बोलण्यातून आकाराला आली. तिचे नाव नोओस्फिअर. तिथून पुढे मात्र तेयार आणि वेर्नाद्‌स्की यांच्या वाटा फुटल्या.

तेयार यांनी पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक वाहून नेण्याचे काम केले होते. पुढे चर्चने त्यांचे विचार छापू दिले नाहीत. त्यांची अनेक वर्षे चीनमध्ये, पेकिंग मानवाच्या अवशेषांच्या अभ्यासात गेली. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला ते वारले आणि त्यांचे मुख्य पुस्तक त्याच वर्षी बाहेर पडले. त्यांच्या मते सारी माणूसजात एका बिंदूकडे सरकते आहे, तिथे सगळी मने एकमेकांत मिसळतील आणि तरीही प्रत्येक मन स्वतःचे राहील. वाचताना अंगावर रोमांच येतात हे कबूल. पण याच तेयार यांनी १९४६ मध्ये अणुबाँबवर लेख लिहिला, आणि त्यात हिरोशिमापेक्षा शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन केलेल्या पराक्रमाचे कौतुक अधिक आहे. मला तो लेख विसरता येत नाही. माणूसजात एवढ्या उंचीवरून बघायला लागले की एखादे शहर दिसेनासे होते.

वेर्नाद्‌स्की यांची गोष्ट कोरडी आहे, म्हणून मला जवळची. माणूस ही आता एक भूगर्भीय शक्ती झाली आहे, नद्या आणि ज्वालामुखी जशी पृथ्वीची रसायने हलवतात तशी माणूसही हलवतो, एवढेच त्यांना म्हणायचे होते. दुसऱ्या महायुद्धात, ऐंशीच्या घरात असताना, त्यांना मॉस्कोहून कझाकस्तानात हलवण्यात आले; तिथेही ते या तिसऱ्या आवरणाबद्दल लिहीत राहिले. त्यांच्या लेखनात मनांचे मीलन नाही. मोजमाप आहे, आणि मोजता येते त्याची जबाबदारी घ्यावी लागते हा आग्रह आहे.

माणसांची एकजूट म्हणजे एकाच ग्रंथालयात बसलेले जग, असे समजणाऱ्यांचाही एक संप्रदाय होता. बेल्जियमच्या पॉल ऑत्ले यांनी आंरी ला फोंतेन यांच्या साथीने १८९५ पासून जगातल्या छापील ज्ञानाची कार्डे करायला घेतली आणि एक कोटीहून अधिक केली. १९३४ मध्ये सरकारने त्यांच्या संस्थेची दारे बंद केली. १९४० नंतर नाझींनी जर्मन कलेच्या प्रदर्शनासाठी तिथली जागा रिकामी करून घेतली. एच. जी. वेल्स यांनी १९३८ मध्ये 'वर्ल्ड ब्रेन' या नावाने निबंध छापले: सूक्ष्मफितीवरचा एक विश्वकोश प्रत्येक देशात पोचला की माणसे भांडणे सोडतील, असा त्यांचा भरवसा. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. वेल्स यांचे १९४५ मधले शेवटचे पुस्तक निराशेने काळवंडलेले आहे. ज्ञान एका ठिकाणी साठवले म्हणून माणसे शहाणी होत नाहीत, हे वेल्सना कळायला दोन महायुद्धे लागली.

मग जगाचे भान खरोखर आले कुठून? माझे उत्तर या संग्रहातल्या बऱ्याच लेखकांना पटणारे नाही. एकमेकांवर विश्वास नसलेली माणसे एकच गोष्ट एकाच रीतीने मोजायला आणि लिहून ठेवायला तयार झाली, त्या कंटाळवाण्या करारांतून ते आले. स्वप्ने बघणाऱ्यांनी त्याला नाव दिले; काम कारकुनांनी केले.

एक उदाहरण मुंबईचे आहे. १८३०च्या दशकात कार्ल फ्रीडरिश गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी गॉटिंगेनहून एक चुंबकीय संघ चालवला. ठरलेल्या दिवशी, गॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, दूरदूरच्या वेधशाळांत माणसे दर पाच मिनिटांनी चुंबकसूचीची स्थिती लिहीत. पृथ्वीचे चुंबकत्व सगळीकडे एकाच क्षणी थरथरते का, एवढेच त्यांना पाहायचे होते. ही लाट ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत नेली. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई इथे उपकरणे बसवली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, तरुणपणी याच वेधशाळेत सहायक होते. पुढे पुण्यात त्यांनी टिळकांना गणित शिकवले. सूर्यावरचे डाग आणि हवामान यांचा संबंध शोधण्याची त्यांची खटपट पाहिली की वाटते, कुलाब्याच्या त्या खोलीत बसून त्यांना सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधली तार जाणवली असावी.

केरूनाना कुलाबा सोडून गेल्यानंतर, १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर डोळे दिपवणारी ठिणगी दिसली. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. अमेरिकेत तारायंत्रे बॅटरीशिवाय चालली. क्यूबासारख्या दक्षिणेकडच्या प्रदेशांतही आकाश लाल झाले. युरोपातल्या चांगल्या चांगल्या उपकरणांचे काटे पट्टीबाहेर गेले, त्यामुळे त्यांच्याकडे वादळाचा आकडा उरला नाही. कुलाब्यात मात्र कोणीतरी हाताने वाचन घेत राहिले आणि लिहीत राहिले. त्या वहीप्रमाणे चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकन आणि ब्राझिलियन सहकाऱ्यांबरोबर याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता काढली. आज उपग्रह आणि वीजजाळी यांना सूर्यापासून किती धोका आहे याचा अंदाज बांधताना त्या आकड्याचा आधार घेतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदींना त्रास होईल म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी दोन्हीकडची वाचने काही काळ बरोबरीने घेतली, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा निखळू नये. जगाच्या एकतेवर एक ओळही न लिहिता त्यांनी तिच्यासाठी केलेले काम मी तेयार यांच्या साऱ्या ग्रंथांच्या शेजारी ठेवतो, किंचित वरच.

आता दुसरी बाजू. ही वही साम्राज्याची होती, तिचा खर्च कंपनीने केला होता, आणि मोजणाऱ्याला मोजल्या जाणाऱ्याची परवानगी लागत नसे. रोगांच्या बाबतीत हे फार कडवट रीतीने दिसते.

१८५१ मध्ये पॅरिसला बारा राष्ट्रे कॉलऱ्यावर एकत्र बसली. प्रत्येक राष्ट्राचे दोन प्रतिनिधी, एक वैद्य आणि एक मुत्सद्दी, आणि दोघांना वेगळे मत. एकाच देशाचे दोघे एकमेकांविरुद्ध मत देत. सहा महिने बोलूनही काही निष्पन्न झाले नाही. कॉलरा माणसाकडून माणसाला लागतो की दूषित हवेतून येतो यावर वाद, पण वादाच्या पोटात जहाजे होती. विलगीकरण म्हणजे बंदरात खोळंबलेला माल, आणि सर्वांत जास्त जहाजे ब्रिटनची. १८६६च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने कॉलऱ्याचे घर भारत असे ठरवले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात जंतू शोधून दाखवला, आणि तरीही पुढच्या वर्षी रोमला ब्रिटिश प्रतिनिधींनी रोगाच्या कारणाची चर्चाच होऊ दिली नाही. पहिला करार व्हायला १८९२ उजाडले. एक्केचाळीस वर्षे! आजच्या हवामान परिषदांना कंटाळलेल्या वाचकाने हा आकडा लक्षात ठेवावा. धीर येतो की खचतो हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर.

चारच वर्षांनी, १८९६च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला. युरोप हादरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला केवळ प्लेगसाठी परिषद भरली. हिंदुस्थानच्या मालावर आणि प्रवाशांवर बंदी येईल अशी चिन्हे होती. सरकारने घाईने साथरोग कायदा केला, त्या वर्षीची हजयात्रा थांबवली, आणि पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती सुरू केली. बायकांची तपासणी, देवघरात बूट, रस्त्यावर जळणारे सामान, हे सगळे मराठी माणसाला शाळेपासून पाठ आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आपण हा इतिहास राष्ट्रवादाच्या प्रकरणात वाचतो, आणि तो तिथलाच आहे. पण गणेशखिंडीच्या त्या रात्रीचा एक धागा व्हेनिसच्या टेबलापर्यंत जातो हे आपण शिकवत नाही. जगाने आपली एकत्रित चिंता पहिल्यांदा कळवली ती शिपायाच्या बुटातून. त्याच सुमारास मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती हेही खरे, आणि १८९७चा तोच कायदा २०२० मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला हेही.

म्हणून 'सारी मानवजात एकमुखाने म्हणते' असे वाक्य दिसले की मी थबकतो. ते मुख कोणाचे? अरविंद घोषांनी १९१५ ते १९१८ या काळात 'आर्य' मासिकात मानवी ऐक्यावर लेखमाला लिहिली, तीत हीच शंका आहे: यंत्रासारखी घडवलेली एकता, एकच मध्यवर्ती सत्ता, विविधतेचा गळा घोटेल. (अरविंद बडोद्यात असताना त्यांना मन निःशब्द करायला शिकवणारे विष्णु भास्कर लेले मराठी होते. गूढवादाच्या शाळेतून आलेला माणूस जागतिक राज्याविषयी एवढा व्यवहारी निघावा याची मला गंमत वाटते.) विनोबांनी १९५७ मध्ये 'जय जगत्' म्हणायला सुरुवात केली, पण ते म्हणताना त्यांच्या पायाखाली ग्रामदानाचे खेडे होते. एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला जग. त्यांच्या पश्चात घोषणा राहिली आणि गाव गळाले.

वही आणि न्याय एकत्र आले की काय घडते याचेही एक उदाहरण आहे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही. १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने ब्रिटिशांनी अंटार्क्टिकात हॅली इथे ओझोन मोजायला सुरुवात केली. दरवर्षी तेच काम, तशाच उपकरणाने. पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यातून बातमी होईल असे काही निघाले नाही. अशा कामाचा निधी आधी कापतात हे कोणत्याही सरकारी खात्यात बसलेल्याला ठाऊक आहे. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन आणि दोन सहकाऱ्यांनी त्या नोंदींवरून सांगितले की दक्षिणी वसंतात तिथला ओझोन झपाट्याने घटतो आहे. अमेरिकी उपग्रहाकडेही हेच आकडे होते, पण ते फारच कमी म्हणून संशयास्पद ठरवून बाजूला ठेवले गेले होते. दोन वर्षांत, ओझोन नष्ट करणाऱ्या आणि फ्रिजमध्येही वापरल्या जाणाऱ्या रसायनांवर बंधने घालणारा माँट्रियलचा करार झाला. आज तो जगातल्या सर्व राष्ट्रांनी मान्य केला आहे.

पण भारत आणि चीन सुरुवातीला बाहेर होते. वातावरण तुम्ही खराब केले आणि आमच्या फ्रिजची किंमत वाढणार, हा आक्षेप बिनतोड होता. १९९०च्या लंडन बैठकीत विकसनशील देशांसाठी निधी ठरला, भारत १९९२ मध्ये आत आला. पृथ्वीचा निळा गोल दाखवणारे १९६८चे अपोलो ८ वरून घेतलेले छायाचित्र पाहून जगाला आपण एक असल्याचा साक्षात्कार झाला असे लेख दरवर्षी येतात. छायाचित्र सुंदर आहे यात वाद नाही. ओझोन मात्र हॅलीच्या वहीने आणि लंडनच्या निधीने वाचवला.

देवीच्या रोगाची गोष्टही याच घरातली. १९५८ मध्ये निर्मूलनाचा प्रस्ताव सोव्हिएत संघाने मांडला, १९६७ पासून मोहीम एका अमेरिकी डॉक्टरने चालवली, आणि शीतयुद्ध जोरात असताना दोघे एकाच तक्त्यावर आकडे भरत राहिले. १९८० मध्ये रोग संपल्याचे जाहीर झाले. त्यासाठी कोणालाही दुसऱ्यावर प्रेम करावे लागले नाही.

या संग्रहातले सर्वांत धिटाईचे लेख यंत्रांविषयी आहेत. इंटरनेट हाच तेयार यांचा तिसरा थर, आणि त्यावर वाढलेली भाषिक यंत्रे हे मानवजातीचे पहिले सामायिक मन, असा त्यांचा सूर. मला तो पटत नाही, निदान अजून तरी. ही यंत्रे जे लिहिले गेले त्यातून शिकतात, आणि वेबवर लिहिले गेलेल्यात इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा आहे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. एवढ्या माणसांचे शेतीचे, आजारपणाचे, कज्जेदलालीचे आणि थट्टामस्करीचे शहाणपण त्या मनात किती उतरले असेल? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांचे तर नावच नको. सामायिक मन म्हणायचे आणि त्यात बहुतेक माणसांचे बोलणेच नसायचे, ही कुलाब्याच्या वहीची उलटी तऱ्हा झाली: तिथे इथला माणूस लिहीत होता आणि वही परक्याची होती, इथे वही सर्वांची म्हणवते, पण इथल्या माणसाने लिहिलेले तिच्यात नाही. केतकर आज असते तर त्यांनी पहिला प्रस्तावनाखंड याच तक्रारीने उघडला असता, आणि दुसऱ्या दिवशी ती तक्रार दूर करायला माणसे गोळा करायला निघाले असते.

संग्रह वाचताना कोणता लेख कोणत्या गटातला हे मी सांगणार नाही, वाचकाने स्वतः लावावे. एक कसोटी मात्र सुचवतो. लेखक 'आपण' म्हणतो तेव्हा त्या 'आपण'मध्ये खर्च कोणाचा, मोजणारा कोण आणि मोजला जाणारा कोण, हे त्याने सांगितले आहे का ते पाहावे. जे लेख हे सांगतात ते कमी सुंदर आहेत. मला ते जास्त उपयोगी वाटले.

कसोटी लावायला ताजे प्रकरण समोर आहे. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा जगापुढे खुला झाला आणि काही दिवसांत ठिकठिकाणी लशीचे काम सुरू झाले. ज्ञान एवढ्या वेगाने पूर्वी कधी वाटले गेले नव्हते. लस मात्र तशी वाटली गेली नाही. श्रीमंत देशांनी आधीच मागण्या नोंदवून ठेवल्या. पुण्यात बनणारी लस कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेमार्फत गरीब देशांत जायची होती, तर मार्च २०२१ मध्ये इथली लाट चढल्यावर तिची निर्यात थांबली आणि आफ्रिकेतली लसीकरण केंद्रे ताटकळली. त्यावेळी निर्णय घेणाऱ्या कोणालाही मी सहज दोष देणार नाही. स्मशानांत जागा नव्हती. या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने मे २०२५ मध्ये महासाथींविषयीचा करार मंजूर केला. अमेरिका त्याआधीच संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा करून मोकळी झाली होती. करारातले सर्वांत अडचणीचे परिशिष्ट, म्हणजे ज्या देशात रोग सापडेल त्याने जंतूचे नमुने आणि माहिती द्यायची तर त्यापासून बनलेल्या लशी-औषधांत त्याला किती वाटा, हे ठरवण्याचे काम पुढच्या वाटाघाटींवर सोडले गेले. १८५१ मध्ये पॅरिसला वैद्य आणि मुत्सद्दी एकमेकांविरुद्ध मते देत होते ती बंदरात अडकलेल्या मालावरून. आता टेबलावर नमुन्याची कुपी आहे, आणि तिच्या एका बाजूला बसलेल्या देशांत आपणही आहोत.